आतड्यापासून बनवलेली लघवीची पिशवी: ऑपरेशन यशस्वी झाल्यावरही काय काय सांभाळावं लागतं?

पनवेलहून सुटलेली हार्बर लोकल सीएसएमटीला पोहोचायला साधारण ८० मिनिटं घेते. डब्यात टॉयलेट नसतं. आपल्यापैकी बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. लघवीची पिशवी भरत आली की मेंदूला निरोप जातो, मेंदू 'जरा थांब' म्हणतो आणि पिशवी थांबते.

पण काही प्रवाशांच्या पोटात ही मूळची पिशवी नसते. कॅन्सरमुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे ती निकामी झालेली किंवा काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी त्यांच्याच आतड्यापासून शिवलेली नवी पिशवी असते. ती मेंदूला नेहमीसारखा निरोप पाठवत नाही. त्यामुळे गाडीत बसण्याआधी घड्याळ बघून लघवीला जाऊन यावं लागतं.

माणसाच्या आतड्यातून लघवीची पिशवी बनवता येते, हे ऐकूनच अनेकांना आश्चर्य वाटतं. ऑपरेशन मोठं आहे, पण आज ते मोठ्या हॉस्पिटल्समध्ये नियमित होतं. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ही नवी पिशवी आयुष्यभर सोबत राहते आणि तिच्या काही कुरबुरी ५, १० किंवा २० वर्षांनीही सुरू होऊ शकतात. त्या कोणत्या, का होतात आणि कधी सावध व्हायचं, ते समजून घेऊ.

मूळ पिशवी काढावी का लागते?

सर्वांत मोठं कारण म्हणजे मूत्राशयाचा कॅन्सर. हा कॅन्सर स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये तीन ते चार पट जास्त दिसतो. सिगारेट-विडी हे त्याचं सर्वांत मोठं कारण आहे. रंग आणि रबर उद्योगात वापरली जाणारी काही रसायनंही त्याला कारणीभूत ठरतात. वेदना न होता लघवीतून रक्त जाणं, हे त्याचं नेहमीचं पहिलं लक्षण.

कॅन्सर आतल्या अस्तरापुरता असेल तर दुर्बिणीने खरवडून आणि पिशवीत औषध सोडून उपचार होतात. तो पिशवीच्या स्नायूत शिरला असेल, तर बऱ्याचदा पूर्ण पिशवी काढण्याचा सल्ला दिला जातो. या ऑपरेशनला रॅडिकल सिस्टेक्टॉमी म्हणतात.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे टीबी. टीबी फक्त फुप्फुसांचा नसतो. तो किडनीतून मूत्राशयात उतरला तर पिशवी आक्रसून अगदी छोटी होते आणि माणसाला दर १०-१५ मिनिटांनी लघवीला पळावं लागतं. अशा वेळी पिशवी पूर्ण न काढता तिला आतड्याचं ठिगळ लावून मोठी करतात. जन्मतः पाठीच्या कण्यात किंवा मूत्राशयात दोष असलेल्या काही मुलांवरही असं ऑपरेशन करावं लागतं.

आतड्याचाच तुकडा का घेतात?

लघवी साठवायला अशी पिशवी लागते जी ताणली जाईल, फाटणार नाही आणि जिला रक्तपुरवठा असेल. प्लास्टिकच्या पिशवीवर क्षार जमतात आणि जंतू बसतात. आतडं मात्र आपलंच असतं, लांब असतं आणि त्यातला थोडा भाग कमी झाला तरी शरीर चालवून घेतं. म्हणून सर्जन लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट वेगळा करतात. उरलेली दोन टोकं जोडून अन्नाचा मार्ग पुन्हा सुरू करतात.

या तुकड्याचं पुढे तीन प्रकारे काहीतरी करता येतं.

१. इलिअल कॉन्ड्युइट: यात साठवणूक नसते. आतड्याचा छोटा तुकडा फक्त नळीसारखा वापरतात. लघवी पोटावरच्या छिद्रातून बाहेर येते आणि त्वचेवर चिकटवलेल्या बॅगेत जमा होते. अमेरिकेतले सर्जन युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत रूढ केली. आजही ती खूप वापरली जाते.

२. पोटाच्या आतला पाऊच: आतड्याची पिशवी पोटातच राहते आणि त्वचेवर एक लहान छिद्र असतं. आतल्या झडपेमुळे लघवी आपोआप बाहेर येत नाही. रुग्ण दर ४ ते ६ तासांनी त्या छिद्रातून स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करतो. स्वीडनचे नील्स कॉक यांनी १९८२ मध्ये मांडलेला कॉक पाऊच आणि त्यानंतर अमेरिकेत विकसित झालेला इंडियाना पाऊच ही त्याची प्रसिद्ध उदाहरणं.

३. नियोब्लॅडर: म्हणजे नवं मूत्राशय. पिशवी जुन्याच जागी बसवतात आणि मूळच्या मूत्रमार्गाला जोडतात. रुग्ण नेहमीच्या वाटेनेच लघवी करतो, बाहेर बॅग नसते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे स्टुडर आणि जर्मनीतल्या उल्मचे हाऊटमान या सर्जन्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धती जगभर वापरल्या जातात. त्यासाठी साधारण ५० ते ७० सेंटीमीटर लहान आतडं लागतं.

यात एक युक्ती महत्त्वाची आहे. आतडं तसंच नळीसारखं ठेवलं तर ते अन्न पुढे ढकलताना आवळतं तसंच लघवीलाही ढकलत राहील आणि ती सतत गळेल. म्हणून सर्जन ती नळी उभी चिरून उघडतात आणि घडी घालून गोल पिशवी शिवतात. त्यामुळे आवळण्याचा जोर एका दिशेने लागत नाही आणि कमी दाबात जास्त लघवी मावते.

खरी अडचण: आतडं आपला स्वभाव सोडत नाही

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातून जवळजवळ काहीच आरपार जात नाही. लघवी तासन् तास राहिली तरी त्यातली टाकाऊ द्रव्यं रक्तात परत जात नाहीत. आतड्याचं काम नेमकं उलटं आहे. त्याचा जन्मच शोषून घेण्यासाठी झालेला. त्याची पिशवी शिवली तरी ते हे काम थांबवत नाही. त्याची बरीच गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

इतिहासाने हा धडा महागात शिकवला. १८५२ मध्ये लंडनमध्ये जॉन सायमन या सर्जनने जन्मतः उघडं मूत्राशय असलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या गुदाशयाकडे वळवल्या. तो मुलगा साधारण वर्षभरच जगला. पुढे मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडण्याची पद्धत अनेक दशकं वापरात राहिली. १९५० मध्ये फेरिस आणि ओडेल या अमेरिकन डॉक्टरांनी अशा १४१ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ७९ टक्के रुग्णांच्या रक्तात आम्लाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. लघवी आतड्यात साठली की रक्ताचं रसायन बिघडतं, हे तेव्हा ठळकपणे समोर आलं.

ॲसिडोसिस म्हणजे ॲसिडिटी नव्हे

लघवीतला अमोनियम आणि क्लोराइड आतड्याची भिंत ओढून घेते आणि बदल्यात बायकार्बोनेट हा रक्तातला आम्ल शमवणारा घटक लघवीत जातो. परिणामी रक्त जास्त आम्लधर्मी होतं. याला मेटाबॉलिक ॲसिडोसिस म्हणतात.

लक्षणं फसवी असतात: थकवा, भूक मरणं, मळमळ, उलट्या, वजन कमी होणं, खूप तहान लागणं, श्वास जोरात आणि खोल चालणं. आपल्याकडे मळमळ आणि उलटी म्हटलं की 'ॲसिडिटी झाली असेल' म्हणून गॅसची गोळी घेतली जाते. पण ॲसिडिटी हा जठराचा त्रास आहे आणि ॲसिडोसिस हा रक्ताचा. जठराची गोळी घेऊन रक्तातलं आम्ल कमी होत नाही. उलट उपचाराला उशीर होतो.

निदान मात्र अवघड नाही. रक्तातलं बायकार्बोनेट, क्लोराइड, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासलं की चित्र स्पष्ट होतं. प्रमाण सौम्य असेल तर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या आणि भरपूर पाणी पुरतं. जास्त असेल तर ॲडमिट करून सलाइनमधून उपचार करतात आणि नळी घालून पिशवी रिकामी ठेवतात, म्हणजे शोषणच थांबतं. या गोळ्यांमध्ये सोडियम असल्यामुळे बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

लघवी जितका जास्त वेळ आतड्याला चिकटून राहील, तितकं शोषण जास्त. म्हणून कॉन्ड्युइटमध्ये हा त्रास कमी आणि साठवणाऱ्या पिशव्यांमध्ये जास्त दिसतो. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, त्यांना हा जादा भार पेलत नाही. त्यामुळे किडनीचं काम बरंच घटलेलं असेल तर सर्जन नियोब्लॅडर किंवा पाऊचऐवजी कॉन्ड्युइटचा सल्ला देतात. ऑपरेशनआधी 'मला बॅग नको' असा आग्रह धरताना ही बाजू माहीत असायला हवी.

किडनीचं नुकसान, आवाज न करता

किडनीतून येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या नव्या पिशवीला जिथे जोडतात, तिथे व्रण आकुंचन पावून मार्ग अरुंद होऊ शकतो. बऱ्याचदा हे पहिल्या एक-दोन वर्षांत होतं, पण नंतरही होऊ शकतं. डावी मूत्रवाहिनी मोठ्या आतड्याच्या मागून पलीकडे आणावी लागते, त्यामुळे तिथे हा त्रास तुलनेने जास्त दिसतो.

धोका असा की अनेकदा दुखतच नाही. एक किडनी हळूहळू फुगते, तिचं काम घटत जातं आणि दुसरी किडनी भार उचलत राहते. त्यामुळे क्रिएटिनिनही बराच काळ ठीक येऊ शकतं. साध्या सोनोग्राफीत मात्र किडनीची सूज दिसते. 'काही त्रास नाही, मग सोनोग्राफी कशाला?' या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

लघवीत पांढरट शेंबडासारखं काय येतं?

आतडं म्युकस म्हणजे श्लेष्मा तयार करतं. पिशवी झाल्यावरही ते सुरू राहतं, त्यामुळे लघवीत पांढरट धागे किंवा गोळे दिसणं नेहमीचं आहे. काळानुसार ते बऱ्याच जणांमध्ये कमी होतं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत म्युकसने नळी तुंबू शकते. म्हणून डिस्चार्जआधी नर्स रुग्णाला किंवा घरच्यांना सलाइनने पिशवी धुवायला शिकवतात.

साठून राहिलेला म्युकस, पूर्ण रिकामी न होणारी पिशवी आणि वारंवार होणारं इन्फेक्शन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मुतखडे तयार होतात. पाऊचमध्ये हे जास्त दिसतं. भरपूर पाणी, वेळेवर आणि पूर्ण रिकामं करणं, गरज पडल्यास धुणं, हाच त्यावर उपाय.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आतड्याच्या पिशवीतल्या लघवीत जंतू सापडणं सामान्य आहे, विशेषतः जे नळी घालतात त्यांच्यात. ताप, कंबरदुखी, थंडी असं काही नसेल तर केवळ रिपोर्टमध्ये 'बॅक्टेरिया' किंवा 'पस सेल्स' आले म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करायची गरज बहुतेकदा नसते. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे पुढे खरं इन्फेक्शन झालं की औषध लागू पडत नाही. अशा रुग्णांत लघवीवरची प्रेग्नन्सी टेस्टही चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे गरज असेल तर रक्ताची टेस्ट करावी.

गळणं आणि अडकणं

नियोब्लॅडरमध्ये पहिले काही महिने लघवी गळते. पिशवी हळूहळू ताणते आणि ४०० ते ५०० मिलिलिटर धरू लागते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नियमित केले तर वर्षभरात बहुतेकांचं दिवसाचं गळणं थांबतं. रात्रीचं गळणं मात्र अनेकांना दीर्घकाळ राहतं.

कारण दोन. झोपेत झडपेचा स्नायू सैल पडतो आणि पिशवी भरल्याचा नेहमीचा निरोप मेंदूला जात नाही. शिवाय रात्री लघवी दाट होते, तेव्हा आतड्याची भिंत शरीरातलं पाणी पिशवीत सोडते आणि पिशवी लवकर भरते. म्हणून रात्री एक-दोनदा अलार्म लावून उठायला सांगितलं जातं.

दुसऱ्या टोकाला, काहींची पिशवी नीट रिकामीच होत नाही. स्त्रियांमध्ये हे तुलनेने जास्त दिसतं. आतड्याच्या पिशवीला मूत्राशयासारखा पिळून काढणारा स्नायू नसतो. त्यामुळे बसून, खालचे स्नायू सैल सोडून, पोटाने हलका जोर देऊन लघवी करावी लागते. तरीही जमत नसेल तर दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालावी लागते. ऑपरेशनआधी नळी घालायची तयारी आहे का, असं डॉक्टर विचारतात ते याचसाठी.

पाऊचमध्ये पोटावरचं छिद्र आक्रसून नळी जाईनाशी होऊ शकते. अशा वेळी जोर लावू नये. झडप फाटू शकते.

पिशवी फुटली तर?

हे क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं. पिशवी तासन् तास रिकामी केली नाही, म्युकसने नळी तुंबली किंवा दारूच्या नशेत लक्षच राहिलं नाही, तर ती जास्त ताणून फुटू शकते. लघवी पोटात पसरते.

अचानक पोटदुखी, पोट फुगणं, लघवी कमी होणं, ताप अशी लक्षणं दिसतात. ज्यांना कण्याच्या आजारामुळे पोटात संवेदना कमी आहे, त्यांना दुखणंही फारसं जाणवत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला पूर्वीच्या ऑपरेशनची माहितीच नसेल, तर अपेंडिक्स किंवा आतड्याचा त्रास समजून वेळ जाऊ शकतो.

सावकाश येणारे तीन त्रास

बी१२ ची कमतरता: हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. म्हणून सर्जन शक्यतो शेवटचे १५-२० सेंटीमीटर तसेच ठेवतात. तरीही शोषण कमी होऊ शकतं. शरीरात काही वर्षांचा साठा असल्यामुळे कमतरता ३ ते ५ वर्षांनी उघडी पडते: हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा, ॲनिमिया. आपल्याकडे शाकाहारी लोकांचा साठा आधीच कमी असू शकतो. नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं, म्हणून लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. इंजेक्शन किंवा गोळ्यांनी ही कमतरता भरून निघते.

जुलाब: आतड्याचा तो भाग पित्तातले क्षारही परत शोषतो. तो कमी झाला की काहींना पातळ जुलाब होतात, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर.

हाडं ठिसूळ होणं: रक्तातलं जादा आम्ल शमवायला शरीर हाडांतले क्षार वापरतं. सौम्य ॲसिडोसिस वर्षानुवर्षं तसाच राहिला तर हाडं कमजोर होतात आणि मुलांची वाढ खुंटू शकते.

आणखी एक दुर्मिळ पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. आतड्याच्या तुकड्यात पुढे नव्याने कॅन्सर होऊ शकतो. लघवी आणि मल एकत्र येणाऱ्या जुन्या पद्धतीत हा धोका सर्वांत जास्त आढळला, तोही बहुतेकदा १० वर्षांनंतर, अनेकदा २० वर्षांनी. नियोब्लॅडर आणि कॉन्ड्युइटमध्ये तो बराच कमी आहे. तरी अनेक वर्षांनी लघवीतून रक्त आलं तर दुर्लक्ष करू नये.

लगेच हॉस्पिटल कधी गाठायचं?

- नळी आत जात नाही किंवा लघवी पूर्ण बंद झाली आहे
- अचानक जोराची पोटदुखी, पोट कडक होणं
- थंडी वाजून ताप, कंबरेच्या एका बाजूला दुखणं
- सतत उलट्या, ग्लानी, खोल आणि भराभर श्वास
- लघवीतून रक्त

फॉलो-अप कुठे तुटतो?

मुंबई परिसरात या ऑपरेशनसाठी परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. खारघरचं ॲक्ट्रेक हे त्याच टाटा मेमोरियल सेंटरचं नवी मुंबईतलं केंद्र. ऑपरेशन झालं, काही वर्षं स्कॅन स्वच्छ आले की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. कॅन्सरच्या दृष्टीने ते खरंही असतं. पण नेमक्या त्याच टप्प्यावर गावाकडून येणं कमी होतं आणि बी१२, किडनीची सूज, ॲसिडोसिस हे हळू चालणारे त्रास त्याच काळात वाढतात.

यातल्या बहुतेक तपासण्या गावाजवळच्या लॅबमध्येही होऊ शकतात. साधारणपणे क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट आणि किडनीची सोनोग्राफी सुरुवातीला काही महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा करतात. काही वर्षांनंतर त्यात बी१२ ची भर पडते. कोणती तपासणी किती दिवसांनी, हे आपल्या सर्जनकडून लिहून घ्यावं.

सरकारी योजनेतून उपचार घेताना कोणता खर्च बसतो, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना ऑपरेशनआधीच विचारावं. नळ्या आणि बॅगा आयुष्यभर लागणार असतील तर त्यांचा महिन्याचा हिशोबही आधीच करून ठेवावा. बॅग किंवा पोटावरचं छिद्र घेऊन जगणाऱ्यांसाठी मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. ज्यांनी हे स्वतः अनुभवलंय, त्यांच्याशी बोलल्याने बरीच भीती कमी होते.

आणि एक साधी गोष्ट. पाकिटात एक कागद ठेवावा किंवा मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर चार ओळी लिहाव्यात: कोणतं ऑपरेशन झालं, कोणत्या वर्षी, आतड्याचा कोणता भाग वापरला, नळी कुठून आणि कोणत्या नंबरची घालायची. बेशुद्ध रुग्णाच्या पोटात आतड्याची पिशवी आहे, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला तो कागद सापडला, तर पुढचे कित्येक तास वाचू शकतात.

*(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)*